आईचे कपाट आणि दादाचे चिरूट

आपल्या घरांत ओलाव्याशी दोन प्रकारचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. पापड, कुरडया, सांडगे, तिखट, हळद यांच्यापासून त्याला कटाक्षाने दूर ठेवावयाचे. आणि विड्याची पाने, नारळाची वाटी, देवाची फुले यांच्याजवळ त्याला मुद्दाम बोलावून बसवावयाचे. माझ्या आजोबांचा पितळी पानपुडा मला अजून स्पष्ट आठवतो. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने असत. फडके किती पिळावे, याचा अंदाज फक्त आजीला होता. जास्त ओले राहिले तर पान काळे पडे, कमी राहिले तर कडा वाळत. आर्द्रता मोजण्याचे यंत्र त्या घरात नव्हते. आजीच्या बोटांत ते होते.

चिरूट हेही शेवटी पानच. नागवेलीचे नव्हे, तंबाखूचे. आत चुरगळलेल्या पानांचा गाभा, त्यावर त्याला बांधून ठेवणारे एक पान, आणि सर्वांत बाहेर निवडक, निर्दोष असे वेष्टनाचे पान. हे वरचे पान वाळले की तडकते आणि चिरूट भराभर, कडवट जळतो. फार भिजले तर चिरूट पेटत नाही आणि चार दिवसांत त्याच्यावर बुरशीचे लव येते. म्हणून पाश्चात्त्य देशांत त्यासाठी खास पेटी किंवा कपाट करतात. त्याला ‘ह्यूमिडॉर’ म्हणतात. आतील हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २१ अंश राखावे, असा त्याचा नेम. मालव्यात राहणाऱ्या माणसाने हे आकडे वाचून आधी हसावे आणि मग मे महिन्याची आठवण काढावी.

आमच्या घरी हा विषय निघाला तो माझ्या थोरल्या भावामुळे. दादा जहाजावर इंजिनिअर होता. १९६८ साली, बावीस वर्षांचा असताना, तो इंदूरहून मुंबईस गेला आणि तेथून समुद्रावर. रामबागेतल्या वाड्यात वाढलेल्या, नदी म्हणून फक्त खान पाहिलेल्या मुलाने दर्यावर्दी व्हावे, याचे साऱ्या आळीला नवल वाटले होते. जहाजावरच त्याला चिरुटांची गोडी लागली. वहिनी असेपर्यंत तिने त्याला घरात कधी चिरूट पेटवू दिला नाही. तो गॅलरीत उभा राहून ओढी, आणि ती दार लावून घेई. २०१९ साली ती गेली. मुलगा परदेशी. दोन वर्षांनी दादा चेंबूरचे बिऱ्हाड आवरून इंदुरास आमच्याकडे राहावयास आला. त्याच्या सामानात कपडे थोडे होते, पुस्तके थोडी होती, आणि निरनिराळ्या पेट्यांतून जमवलेले ६४ चिरूट होते. काही हवानाचे, काही आपल्याच दिंडिगलचे.

दिंडिगल आणि त्रिचनापल्लीचे चिरूट एके काळी साऱ्या इंग्रजी साम्राज्यात प्रसिद्ध होते. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच होम्सकथेत शेरलॉक होम्स खोलीतील राखेवरून खुन्याने त्रिचनापल्लीचा चिरूट ओढल्याचे ओळखतो. चिरूट हा शब्दही तिकडचाच. तमिळमधील ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी, तिच्यापासून तो इंग्रजीत आणि मराठीत आला. तंबाखूचा उत्तरेतील दरबारी प्रवेश मात्र आपल्या बाजूने झाला. सतराव्या शतकाच्या आरंभी असदबेग नावाचा सरदार विजापुराहून तंबाखू आणि जडावाचा हुक्का घेऊन अकबराकडे गेला. बादशहाने दोन झुरके घेतले आणि हकिमाने लगेच हरकत घेतली, अशी हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. हकिमांची ती हरकत आज चारशे वर्षे चालू आहे, आणि ती रास्त आहे. त्याविषयी पुढे लिहीनच.

कपाटाची हकीकत अशी. आमच्या वाड्यातील स्वयंपाकघरात सागवानी जाळीचे कपाट होते. वरच्या भागाला बारीक तारेची जाळी. तेथे दूध, दही, लोणी, उरलेसुरले अन्न. खालच्या भागाला भरीव फळ्यांची दोन दारे. तेथे वर्षाचे पापड, कुरडया आणि मसाल्यांचे डबे. चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले, म्हणजे मुंग्या वर चढत नसत. त्या वाट्यांत रोज सकाळी पाणी घालणे हे माझे काम होते आणि ते न करणे हे दादाचे. आई गेल्यावर, २००९ साली, वाडा विकला. दादाने सिंगापुरातून कागदांवर सह्या करून पाठवल्या. वाडा रिकामा करण्याचे काम माझ्याकडे आले. लोकमान्यनगरातल्या आमच्या सदनिकेत मावेल तेवढे आणले. बाकीचे देऊन टाकले, विकले, काही सोडून दिले. देवघर, झोपाळा, वडिलांचे टेबल, माजघरातली मोठी पेटी, यांतले काहीच राहिले नाही. राहिले ते हे एक कपाट, कारण ते विकत घ्यावयास आलेल्या माणसाने सांगितलेली किंमत ऐकून आमच्या सौभाग्यवतीने त्याला दारातूनच परत पाठवले होते.

दादाने तोंडाने कधी काही म्हटले नाही. मात्र त्यानंतर चार वर्षे त्याचे पत्र नाही आणि फोनही सणावारापुरता. झोपाळा कोठे गेला, असे त्याने एकदाच विचारले होते. मी सांगितले. तो ‘बरे’ म्हणाला. भावाभावांत भांडण झालेले परवडते. ‘बरे’ हा शब्द फार दिवस टिकतो.

इंदुरास आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या चिरुटांची वरची पाने तडकू लागली. तो अधूनमधून एक ओढत होता. परंतु तडकलेले पाहून त्याचा वेग वाढला. वाया जाण्यापेक्षा ओढलेले बरे, हा त्याचा हिशेब. मला तो हिशेब भयंकर वाटला. तेव्हाच त्याची नजर गॅलरीत जुनी वर्तमानपत्रे पोटात घेऊन उभ्या असलेल्या कपाटावर गेली. “याचा खालचा भाग मला दे,” तो म्हणाला.

आमच्या घरात त्यावर जे झाले त्याला चर्चा म्हणता येणार नाही. सौभाग्यवतीचे म्हणणे होते की ज्या कपाटात सासूबाईंनी सोवळ्याचे दूध ठेवले, त्यात तंबाखू जाणार नाही. मी स्वतः सुपारीसुद्धा खात नाही. कपाट भंगारात जाईल, पण त्यात तंबाखू नको, असेच मलाही प्रथम वाटले. मात्र आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवल्यामुळे एक विचार मनात आला, आणि तो मी तिला एकान्तात सांगितला. चिरूट नीट ठेवला तर तो वर्षानुवर्षे टिकतो, आणि जाणकार म्हणतात की मुरल्याने तो अधिक चांगला होतो. ज्या माणसाला आपली वस्तू उद्या अधिक चांगली होणार आहे अशी खात्री आहे, तो ती आज संपवण्याची घाई करत नाही. तिने थोडा वेळ विचार केला आणि अट घातली. वरचा जाळीचा भाग तिचा. त्याला हात लावावयाचा नाही. आणि चिरूट पेटवायचा तो गच्चीवर. “भाऊजी, वहिनी होत्या तसेच इथेही,” असे तिने दादाला सांगितले. दादा हसला. वहिनी गेल्यापासून तो तसा हसल्याचे मला आठवत नव्हते.

२०२२ च्या थंडीत आम्ही कामाला लागलो. पहिला प्रश्न वासाचा. चिरूट आसपासचा कोणताही वास शोषून घेतो, आणि आमच्या कपाटाच्या खालच्या भागात चाळीस वर्षांचा हिंग होता. वाचकभगिनींना सांगावयास नको की हिंग लाकडात शिरला की तो घरातल्या माणसासारखा राहतो. आम्ही फळ्या ओल्या फडक्याने पुसल्या, दोन आठवडे उन्हे दाखवली, आत लाकडी कोळसा आणि खाण्याच्या सोड्याच्या वाट्या ठेवल्या, आणि रोज सकाळी दोघे म्हातारे आळीपाळीने कपाटात डोके घालून हुंगू लागलो. शेजारच्या लहान मुलीने एकदा विचारले, “आजोबा, आत कोणी आहे का?” तिसऱ्या आठवड्यात हिंग हरला, असे दादाचे मत पडले. माझे अजूनही तसे मत नाही.

दुसरा प्रश्न लाकडाचा. साग उत्तम खरा, पण तेलकट आणि स्वतःचा वास असलेला. ह्यूमिडॉरला आतून ज्या लाकडाचे अस्तर लावतात त्याला इंग्रजीत ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात. आमच्या सुताराने ते नाव ऐकून शब्दकोशानुसार देवदाराच्या फळ्या आणल्या. देवदार हा खरा सीडर. पण तो सूचिपर्णी, राळेने भरलेला, आणि चिरुटाला त्याचा वास लागल्यावाचून राहत नाही. उलट, स्पॅनिश सीडर हा स्पॅनिशही नाही आणि सीडरही नाही. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील वृक्ष; शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा; महोगनीच्या कुळातला. आणि त्याच कुळात आपला कडुनिंब आहे. एवढेच नव्हे, त्याचा अगदी जवळचा नातलग भारतात आहे. तो म्हणजे तून. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी त्याला सेड्रेला तुनाच म्हणत. पुढे त्याची वेगळी प्रजाती मानून तुना सिलिआटा हे नाव रूढ झाले. लालसर, हलके, सुवासिक, ओलाव्याने फारसे न फुगणारे लाकूड.

तून मिळवण्यासाठी आम्हाला लांब जावे लागले नाही. सतारीची दांडी आणि तबली याच लाकडाची करतात, तंबोऱ्यालाही ते लागते. आणि इंदूर हे काही झाले तरी उस्ताद अमीर खाँसाहेबांचे गाव. वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे जुन्या, वर्षानुवर्षे वाळलेल्या तुनीच्या पाट्या होत्या. तो त्या चिरुटाच्या कपाटासाठी देण्यास तयार नव्हता. “साहब, यह लकड़ी गाने के लिए है,” असे त्याने सांगितले. दादाने त्याच्याशी तासभर गप्पा केल्या, दोन चहा झाले, आणि ज्या पाट्यांना बारीक भेगा असल्यामुळे त्या नादाला निरुपयोगी ठरल्या होत्या, तेवढ्या त्याने दिल्या. आमच्या मिस्त्रीने त्या रंधून बोटाच्या अर्ध्या जाडीच्या केल्या. त्यांना पॉलिश करावयाचे नाही आणि सरस लावावयाचा नाही, कारण दोन्हींचा वास लागतो. कपाटाच्या सागाला आतून लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्यावयाचे, म्हणजे त्याचे तेल आणि उरलासुरला हिंग तेथेच कोंडला जाईल. आणि त्यावर तुनीच्या पाट्या लाकडी खुंट्यांनी बसवावयाच्या, असे ठरले.

लाखेचा पहिला हात देण्यापूर्वी दारांच्या आतल्या बाजूंवरची काजळी पुसताना डाव्या दारावर पेन्सिलीची अक्षरे दिसली. आईचे अक्षर. वरच्या बाजूस दुधाच्या रतिबाच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या. खाली मिरच्या कोणत्या महिन्यात घेतल्या, कितीच्या भावाने घेतल्या. आणि दाराच्या अगदी तळाशी, जेथे पाहण्यासाठी जमिनीवर बसावे लागते, तेथे एकाखाली एक गावांची नावे आणि तारखा. मोंबासा. डर्बन. पुन्हा डर्बन. केप टाऊन. लिस्बन. १९६९ पासून पुढची पाच-सहा वर्षे. १९६७ च्या युद्धानंतर सुएझ कालवा बंद पडला होता तो १९७५ साली पुन्हा उघडला. तोवर युरोपात जाणारी आपली जहाजे साऱ्या आफ्रिकेला वळसा घालून जात. दादाची पत्रे त्या बंदरांतून येत. पत्र ज्या दिवशी पोचले तो दिवस आई तेथे लिहून ठेवी. दोन पत्रांत कधी तीन महिन्यांचे अंतर होते. ते अंतर तिने कोरे सोडलेले नव्हते. तेथे नुसत्या बारीक रेघा होत्या. आधी मला वाटले की या दुधाच्याच. मग मोजल्यावर ध्यानात आले की त्या आठवड्यांच्या आहेत.

दादा तेथे जमिनीवर बराच वेळ बसला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग मिस्त्रीला म्हणाला, “या दाराला अस्तर लावायचे नाही.”

आता अडचण अशी की एका दाराला अस्तर नसले तर आतील ओलावा स्थिर राहण्यास थोडा कमीपणा येतो. लाकडाचे अस्तर हे ओलाव्याचे कोठार असते, हवा कोरडी झाली की देते आणि दमट झाली की घेते. शिवाय लाखेच्या पॉलिशने अक्षरे जातील की काय, ही भीती. तेथे माझे रसायनशास्त्र उपयोगी पडले. पॉलिशमध्ये असते स्पिरिट. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट, ते स्पिरिटात विरघळत नाही. बोळा घासला तर मात्र पुसले जाईल. म्हणून त्या दारावर मी स्वतः मऊ कुंचल्याने, एकदाही उलटा हात न फिरवता, पातळ लाख दिली. वाळल्यावर अक्षरे पूर्वीपेक्षा ठळक दिसू लागली. त्या दिवशी रात्री दादाने झोपाळ्याविषयी पुन्हा विचारले, आणि या वेळी मी सगळे सांगितले. कोणी नेला, कशावर चढवून नेला, कड्या किती होत्या, मी फाटकापर्यंत कसा गेलो. त्याने सगळे ऐकून घेतले.

पुढचे काम हवाबंदीचे. दारांच्या कडांना पताम पाडून त्यात नमद्याची पट्टी बसवली. रात्री दिवे मालवून आत बॅटरी लावून ठेवली आणि प्रकाश कोठून डोकावतो ते पाहिले. पट्टी नीट बसली की नाही हे कळण्यासाठी दारात कागद धरून दार लावावे आणि कागद ओढावा. सहज निघाला तर फट आहे, हिसका लागला तर ठीक. मग आत ऊर्ध्वपातित पाण्याची पसरट भांडी ठेवून कपाट दोन आठवडे बंद केले. वाळलेले लाकूड प्रथम स्वतः पाणी पिते; ते तृप्त झाले नाही तर चिरुटांतले पिऊन टाकील. पाणी नळाचे नको, क्षार साठतात. इंदुराला १९७८ पासून नर्मदेचे पाणी मिळते. निमाडातल्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर दूर, घाट चढवून आणलेले. ते पिण्यासाठी अमृत आहे, कपाटासाठी नव्हे.

आर्द्रतामापक दादाने मुंबईहून मागवला. तो खरे सांगतो की नाही हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे, आणि ती मला फार आवडते. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्यावे, चार थेंब पाणी घालून त्याचा ओला गोळा करावा, मापकासह हवाबंद पिशवीत घालून रात्रभर ठेवावे. सकाळी मापकाने ७५ दाखवले पाहिजे. मिठाचे संपृक्त द्रावण आपल्याभोवतीची हवा बरोबर ७५ टक्क्यांवर आणून ठेवते, आणि उन्हाळा-हिवाळ्याने त्यात फारसा फरक पडत नाही. आता आपल्या स्वयंपाकघरातील मिठाची बरणी आठवा. आषाढ-श्रावणात मीठ पाझरू लागते, ते केव्हा? हवेची आर्द्रता ७५ च्या वर गेली की. दसऱ्यानंतर ते पुन्हा मोकळे होते, ते केव्हा? ती खाली आली की. आई मिठाच्या बरणीत बोट घालून म्हणे, “आज पापड काढायचे नाहीत.” ती ७५ चा आकडा वाचत होती.

आम्ही आत ज्या पुड्या ठेवतो त्याही याच तत्त्वावर चालतात. वेगवेगळ्या क्षारांचे संपृक्त द्रावण भरलेल्या, वाफेला जाऊ देणाऱ्या कागदाच्या त्या पुड्या हवा कोरडी झाली की ओलावा सोडतात, दमट झाली की ओढून घेतात. आम्ही ६५ टक्क्यांच्या वापरतो. इंदुरात तापमान २१ अंशांवर ठेवणे हे स्वप्न आहे. तापमान चढे असेल तर आर्द्रता थोडी उतरती ठेवावी, हे शहाणपण. कपाट आतल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीशी आहे. मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि हवेत टिपूस नाही, तेव्हा कूलर लावला की खोलीला थंडावा आणि ओलावा दोन्ही मिळतात. पावसाळ्यात उलट. दार उघडले की बाहेरचा ओलावा घुसतो, म्हणून चातुर्मासात दादाचे कपाट बहुधा बंद असते. सौभाग्यवती त्याला चिरुटांचा चातुर्मास म्हणते.

उष्म्याचा दुसरा धोका किडीचा. तंबाखूत दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस-तपकिरी भुंगेरा होतो. त्याची अंडी पानांतच असतात आणि ऊब मिळाली की फुटतात. मग चिरुटाला सुईने टोचल्यासारखी भोके पडतात. दादाने त्याचे चित्र दाखवले तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने लांबूनच ओळखले. “हा तर हळदीतला!” आणि ते अगदी खरे होते. तंबाखूला लागणारी ही कीड हळद, मिरची, धणे, सुंठ यांनाही तेवढ्याच आवडीने लागते. तिच्यासाठीच आपण तिखटात हिंगाचे खडे घालतो आणि धान्यात कडुनिंबाचा पाला. चिरुटांना हिंग चालत नाही. ते आधी पिशवीत बंद करून चार दिवस अतिशीत कप्प्यात ठेवावे लागतात, नंतर एक दिवस साध्या फ्रीजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढले तर पान तडकते. आमच्या फ्रीजमध्ये मटारांशेजारी हवानाचे चिरूट चार दिवस राहिले, आणि घरात त्यावर जे बोलणे झाले ते येथे देत नाही.

हे सारे वाचून कोणास चिरुटाची हौस वाटू नये, म्हणून रसायनशास्त्राचा शिक्षक या नात्याने सांगतो. चिरुटाचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. तो धूर अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी माध्यमात निकोटिन मोकळे होऊन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते. आपल्याकडे तंबाखूला चुना लावून मळतात त्याचेही कारण तेच. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग दोन्ही वाटांनी येतो. डॉक्टरांनी दादाला ‘एकही नको’ असे स्वच्छ सांगितले आहे, आणि माझेही मत तेच आहे. मी ते त्याला वर्षातून दोनदा सांगतो. तिसऱ्यांदा सांगितले तर तो गच्चीवर जाईल, ही भीती असते.

इंदूर आणि फर्निचर या दोन शब्दांनी जगातील संग्राहकांना मात्र दुसरेच काही आठवते. महाराज यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या सुमारास एकार्ट म्युटेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पकाराकडून माणिकबाग बांधून घेतला. तिच्यासाठी युरोपातील मोठमोठ्या कलावंतांनी केलेल्या खुर्च्या, मेजे, पलंग, दिवे आले. १९८० साली त्या वस्तूंचा मोंटे कार्लो येथे लिलाव झाला आणि त्या देशोदेशी पांगल्या. नंतर माणिकबागेत केंद्रीय उत्पादनशुल्काचे कार्यालय आले. जे खाते तंबाखूवर शुल्क घेते, तेच! मी एकदा कामानिमित्त तेथे गेलो होतो. रिकाम्या भिंती पाहून मला महाराजांच्या पलंगाविषयी फारसे काही वाटले नाही. आमच्या झोपाळ्याची आठवण झाली. वस्तू कोणाच्या घरातून गेल्या यावर त्यांची किंमत ठरते, हे लिलाव करणाऱ्यांना चांगले कळते. आमच्या झोपाळ्याचे भाव रद्दीवाल्याच्या तराजूने ठरले होते.

दादाने कपाटाशेजारी एक जाड वही ठेवली आहे. जहाजावर ठेवतात तशी. तारीख, सकाळचे तापमान, आर्द्रता, संध्याकाळचे तापमान, आर्द्रता, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या महिन्यात ‘१ काढला’ असे दर दोन-तीन दिवसांनी दिसते. पुढे ते विरळ होत गेले. दुसऱ्या वर्षी जन्माष्टमीपासून दिवाळीपर्यंत एकही नोंद नाही, फक्त आकडे. ६७, ६६, ६८, ६६. एका ठिकाणी ‘डावे दार किंचित चिकटते, साबण लावला’. मी विचारले, “ओढायचे नाहीत तर ठेवायचे कशाला?” तो म्हणाला, “मुरताहेत.” वहिनीच्या तिथीच्या दिवशी मात्र तो गच्चीवर जातो, तेव्हा आम्ही कोणी वर जात नाही. सौभाग्यवती जिन्याचे दार आपल्या हाताने ओढून घेते.

६४ चिरुटांपैकी आज ३७ आहेत. नवे आणलेले नाहीत. गेल्या चैत्रात वरच्या जाळीच्या भागात सौभाग्यवतीने उडदाच्या पापडांचा डबा ठेवला, तेव्हा दादाने आक्षेप घेतला की त्यातला हिंग खाली उतरेल. तिने डबा हलवला नाही. दोन दिवसांनी वहीत शेरा आला, ‘वर पापड. खाली वास नाही.’ कपाटाच्या चारही पायांखाली वाट्या अजून आहेत. त्यांत पाणी घालण्याचे काम आता दादाकडे आहे.